अक्काची कायदेशीर जेली

आरोग्य खात्यात माझं काम होतं आरोग्य शिक्षणाचं. म्हणजे जिथे डॉक्टर पोचत नाही आणि औषधही पोचत नाही, तिथे भाषण पोचवायचं. जळगाव, भुसावळ, जामनेर आणि अधूनमधून धुळे, एवढ्या टापूत असं एखादंच हायस्कूल असेल जिथल्या पोरांना मी उन्हात बसवून व्यसनाचे तोटे सांगितले नाहीत. निवृत्त झाल्यावर माझी मागणी वाढली, कारण आता मी प्रवासभत्ता मागत नव्हतो. एक शाल आणि एक नारळ यावर भागायचं. नारळ आम्ही खाल्ले. शाली इतक्या साठल्या की बायकोने शेवटी त्यांच्या गोधड्या शिवल्या. व्यसनमुक्तीवर अख्खं घर उबेत झोपायचं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. भाषणाला जाताना माझ्या उजव्या खिशात मुद्द्यांचा कागद असायचा आणि डाव्या खिशात तंबाखूची पुडी नि चुन्याची डबी. भाषणापूर्वी मी शाळेच्या मागच्या भिंतीकडे जाऊन यायचो. मुख्याध्यापकांना वाटायचं सर मनातल्या मनात उजळणी करताहेत. तंबाखूची चिमूट दाढेत बसल्याशिवाय तंबाखूविरुद्ध आवेश येत नसे, हे मला तेव्हा विचित्रही वाटायचं नाही.

आम्हाला खात्याकडून एक पुस्तिका मिळायची. तिच्यात तंबाखूला बरीच पानं होती, दारूला थोडी कमी आणि गांजाला दोन ओळी. पहिली ओळ : गांजाने माणूस वेडा होतो. दुसरी ओळ : तो बेकायदेशीर आहे. या दोन ओळींवर मी वीस मिनिटं बोलू शकत असे. भुसावळच्या एका शाळेत विज्ञानाच्या एका तरुण शिक्षकाने उठून विचारलं होतं, "सर, काही देशांनी आता तो कायदेशीर केलाय. तिथे लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम झाला?" मी तत्काळ म्हणालो, "त्या देशांत कुटुंबव्यवस्थाच उरलेली नाही!" टाळ्या पडल्या. शिक्षक खाली बसला. प्रश्न तब्येतीचा होता आणि उत्तर कुटुंबव्यवस्थेचं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मिळालं ते दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, आणि तेही माझ्याच घरात, एका सुटकेसमधून.

अक्का माझी थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, धुळ्याला राहणारी, अजून अहिराणीच बोलणारी. भाऊजी गेल्यापासून एकटीच असते. तिला दोन दुखणी : गुडघे आणि साखर. गुडघ्यांबद्दल ती दिवसभर बोलते, साखरेबद्दल मुळीच बोलत नाही, कारण साखरेचा विषय निघाला की तिच्या उशीखालची सोनपापडी निघते. शिवाय ती मिश्री लावते. मिश्रीला ती व्यसन मानत नाही, दात घासणं मानते. फक्त दिवसातून सहा वेळा घासते.

तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॅनडात संगणकाच्या कामावर आहे. तो पाच वर्षांनी आला होता. आईचे गुडघे जळगावच्या डॉक्टरला दाखवायचे आणि मग सगळ्यांनी माझ्या मेहुण्याच्या जामनेरकडच्या शेतावर भरीत खायला जायचं, असा बेत ठरला. माय-लेक जळगावात आमच्याकडे उतरले.

पहिल्याच दिवशी जेवताना वाद झाला. ताटात शेवभाजी होती, भाच्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी त्याला सहज म्हणून विचारलं, "काय रे, तिकडे म्हणे गांजा किराणा दुकानात मिळतो?"

"किराणा दुकानात नाही, मामा. त्याचं वेगळं दुकान असतं. वयाचा दाखला पाहतात. पावती देतात."

"पावती दिली की विषाचं अमृत होतं का?"

"नाही होत. पण आधी लोक चोरून घ्यायचे, त्यात काय मिसळलंय कुणाला कळायचं नाही. आता पाकिटावर मात्रा छापलेली असते. एका वेळी किती घ्यायचं, परिणाम व्हायला किती वेळ लागतो, सगळं. झाकण तर असं असतं की लहान पोराला उघडता येत नाही."

"म्हणजे लहान पोरं खातात!" मी मुद्दा पकडला.

"खातात," तो शांतपणे म्हणाला. "खाऊसारखं दिसतं ना. चॉकलेट, जेली, बिस्किटं. दवाखान्यात न्यावं लागतं. तिथेही यावरून वाद चालू आहेत. मी कुठे म्हणतोय की सगळं चांगलंच झालं?"

मला असा प्रतिस्पर्धी नको होता. मला समोर कुणीतरी गांजाची आरती म्हणणारा हवा होता. मी आवाज चढवला, "आपल्या संस्कृतीत हे असलं नाही!"

"महाशिवरात्रीला थंडाईत काय घालता?"

"तो प्रसाद असतो," मी म्हणालो आणि भाजीवर आणखी शेव घेतली.

अक्का एवढा वेळ कान देऊन ऐकत होती. तिने फक्त एक विचारलं, "गुडघाले चालस का रे ते?" आम्ही दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता जे सांगतो ते मला नंतर कळलं, पण कळण्याच्या क्रमाने सांगितलं तर घोळ होईल, म्हणून घडलं त्या क्रमाने सांगतो. भाच्याच्या सुटकेसमध्ये गांजाच्या जेल्या होत्या. लहान, चौकोनी, नारिंगी, वर साखर भुरभुरलेली. तिथल्या दुकानात त्या रीतसर मिळतात. पण आपल्या देशात आणणं हा मोठा गुन्हा, म्हणून त्याने मूळ डबी तिकडेच फेकून दिली होती आणि जेल्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या होत्या. बाटलीवर हसऱ्या संत्र्याचं चित्र. म्हणजे तिकडच्या कायद्याने लावलेलं झाकण, इशारा, मात्रा, सगळं इकडच्या कायद्याच्या भीतीने कचऱ्यात गेलं होतं. दोन्ही कायदे आपापल्या जागी चोख होते. त्यांच्यामध्ये एक फट राहिली होती आणि त्या फटीत अक्काचा हात गेला.

शेतावर निघायच्या दिवशी सकाळी भाचा अंघोळीला गेला, बायको डब्यांत पुऱ्या भरत होती आणि मी मेहुण्याशी फोनवर बोलत होतो. अक्काने लेकाच्या सुटकेसमध्ये काही गोडधोड सापडतं का ते पाहिलं. संत्र्याची जेली सापडली. एक खाल्ली. बरी लागली. व्हिटॅमिनच आहे, त्याने काय साखर वाढणार, असा विचार करून आणखी तीन खाल्ल्या. मग तोंड पुसून, बाटली जागच्या जागी ठेवून, ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. इतक्या आज्ञाधारकपणे ती कधी बसत नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

जामनेरपर्यंतचा रस्ता नेहमीसारखा गेला. शेतावर पोचलो तेव्हा मेहुण्याने वांगी भाजायला घेतली होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी पांढुरकी मोठाली वांगी, बाजूला लसूण-मिरच्या आणि कांद्याच्या पातीचा ढीग. अक्का भरीत कुटायला बसली. ते काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही.

थोड्या वेळाने ती हसायला लागली. आधी बारीक, मग खदाखदा. भाऊजी गेल्यावर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आम्हीही हसायला लागलो. बायको म्हणाली, "लेक आलाय ना, म्हणून." मी त्यावर कुटुंबव्यवस्थेचं महत्त्व सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात अक्काने मुसळी खाली ठेवली आणि एका भाजलेल्या वांग्याकडे बोट केलं.

"भाऊ, हाई वांगं मनाकडे देखी ऱ्हायनं."

"काय?"

"आनि मना पाय कोठे शेतस?"

पाय तिच्याच खाली होते. मी दाखवले. तिने ते आपले मानायला नकार दिला. मग एकाएकी तिचं हसू थांबलं, चेहरा पांढरा पडला आणि ती छातीवर हात दाबून म्हणाली, "बठ्ठा जन इतला हळू काबर बोली ऱ्हायनात? मी जास आते, भाऊ. तुना भाऊजी तठे उभा शेतस, बांधवर."

बांधावर एक एरंडाचं झाड होतं. ती त्याच्याकडे जायला उठली, दोन पावलं गेली आणि हातावर पडली. मनगटातून काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

एकच धावपळ उडाली. मेहुणा म्हणाला, वारं लागलं. बायको म्हणाली, साखर उतरली, आणि तिने अक्काच्या तोंडात गूळ कोंबला. कुणी लिंबू उतरवलं. मी, आरोग्य खात्याचा इतक्या वर्षांचा अनुभवी माणूस, टोपीने वारा घालत होतो. अक्काच्या छातीची धडधड लुगड्यावरून दिसत होती. ओठ कोरडे पडले होते. ती माझा हात घट्ट धरून पुन्हा पुन्हा विचारत होती, "मी मरी गयी का? खरं सांग." त्या प्रश्नाला हसावं असं आज वाटतं, तेव्हा मी प्रत्येक वेळी तिला 'नाही गं' म्हणत होतो. आईच्या माघारी मला वाढवलं ते तिने.

आम्ही तिला गाडीत घातलं आणि जळगावच्या दिशेने सुसाट निघालो. भाचा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. वाटेत त्याने तिला विचारलं, "आई, सकाळी काय खाल्लंस?" ती लहान मुलासारखं तोंड करून म्हणाली, "तुनी संत्रानी जेली. चारच खाद्यात."

आरशात मला भाच्याचा चेहरा दिसला. त्याने आईची नाडी धरली. दवाखान्याच्या दारात अक्काला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्याने मला खांबाआड ओढलं.

"मामा, त्या जेल्या साध्या नव्हत्या. गांजाच्या होत्या. माझ्या. एकाच वेळी चार म्हणजे... तिला सवय नाही, वय आहे. डॉक्टरांना सांगायला हवं."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मी नंतर पुष्कळदा आठवलं आहे. मी म्हणालो, "आवाज खाली. इथे मला सगळे ओळखतात."

माझ्या डोळ्यांपुढे अक्का नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीतला मथळा होता. व्यसनमुक्तीच्या व्याख्यात्याच्या घरी गांजा. शेजारी माझा शालीतला फोटो.

"आपोआप उतरेल ना?" मी विचारलं.

"उतरेल बहुतेक. पण त्यांना माहीत असायला हवं."

"मग उतरेल. गप्प राहा."

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी अक्काची साखर पाहिली. वाढलेली होती, पण घाबरण्याइतकी नाही, आणि तीही गुळाची कृपा. रक्तदाब चढलेला, नाडी पळतेय, बोलणं असंबद्ध, तोल जातोय. त्या माझ्याकडे वळल्या आणि एकदम हसल्या. "सर, तुम्ही! आमच्या शाळेत आला होतात. मी आठवीत होते. तुम्ही फुप्फुसांची चित्रं दाखवली होती."

तशा वेळीही माझी छाती फुगली, हे लिहायला मला लाज वाटते.

"यांनी काही वेगळं खाल्लंय का, सर? चुकून एखादी गोळी? काही नशेचं?"

"आमच्या घरात?" मी म्हणालो. "डॉक्टर, तुम्ही मला ओळखता."

"सॉरी सर, विचारावं लागतं," त्या ओशाळून म्हणाल्या, आणि कागदावर त्या प्रश्नापुढे त्यांनी फुली मारली. दुसरं कुणी असतं तर त्यांनी ताणून विचारलं असतं. माझ्या भाषणावर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी विचारणं थांबवलं. आयुष्यात माझ्या भाषणाचा एखाद्याच्या वागण्यावर एवढा थेट परिणाम झालेला मी पाहिलेला हा एकमेव प्रसंग.

अर्ध्या तासाने त्या एक कागद घेऊन आल्या. मेंदूची तपासणी करायची आहे, मेंदूत गुठळी असल्याचा संशय आहे, तसं ठरलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल. त्या इंजेक्शनने रक्तस्रावाचा धोका असतो आणि उशीरही चालत नाही. म्हणून नातेवाइकांची सही आत्ताच हवी. त्यांनी मला पेन दिलं.

मी पेनाचं टोपण काढलं.

सही केली असती का, हे मला बायकोने विचारलं आहे, अक्काने विचारलं आहे आणि मी स्वतःला विचारलं आहे. नसती केली, असं मी सगळ्यांना सांगतो. पण टोपण काढलं होतं, हे खरं.

तेवढ्यात भाचा पुढे झाला. "डॉक्टर, इंजेक्शन नका देऊ. तिने गांजाच्या जेल्या खाल्ल्यात. चार. सकाळी दहाच्या सुमारास. माझ्या होत्या. एका जेलीत किती मात्रा असते ते मला पाठ आहे, लिहून घ्या."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातातून त्यांनी हळूच पेन काढून घेतलं आणि त्याच पेनाने तो सांगेल ते लिहून घेतलं.

त्यानंतरचं सगळं सोपं झालं. खबरदारी म्हणून मेंदूची तपासणी झालीच, ती निर्दोष आली. इंजेक्शनचा विषय संपला. अक्काला अंधाऱ्या शांत खोलीत ठेवलं, सलाईन लावलं, मनगट प्लास्टरमध्ये घातलं. डॉक्टरबाई तिच्याशी गोड बोलत राहिल्या : आजी, तुम्ही मेल्या नाहीत, तुम्हाला चढली आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का उठली, ताटलीतला उपमा संपवला, माझा उपमा मागितला आणि म्हणाली, "जेली चांगली व्हती भाऊ, पन जास्ती व्हई गयी."

नियमाप्रमाणे दवाखान्याने पोलीस चौकीला कळवलं होतं. एक हवालदार वही घेऊन आले. वयस्कर, दमलेले. पदार्थाचं नाव काय, इथे त्यांचं पेन अडलं. भाच्याने सगळं खरं सांगितलं.

"गांजाची जेली?" हवालदार म्हणाले. "ओढायची कशी?"

"ओढायची नाही. खायची."

"मग भांग लिहितो. भांग लिहिलं की वरच्यांना समजतं."

"पण ती भांग नव्हती."

"बाटली कुठंय?"

आता माझी बायको पुढे झाली. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन तिने बाटली संडासात रिकामी केली होती, वर दोन बादल्या पाणी ओतलं होतं. "फेकली," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून हवालदारांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. इतक्यात पलंगावरून अक्का म्हणाली, "पोऱ्यानी काही चूक नही, साहेब. माले साखर शे. चोरी करी खादी."

हवालदार पहिल्यांदाच हसले. त्यांनाही साखर होती. त्यांनी लिहिलं की वृद्ध महिलेने अनवधानाने परदेशी मिठाईचे सेवन केले. आपला कायदा फार कडक आहे, पण त्याला डोळ्यांसमोर काहीतरी दिसावं लागतं, नाहीतर तो मिठाईवर भागवतो. वही मिटून त्यांनी खिशातून पुडी काढली, तळहातावर तंबाखू मळली आणि सवयीने हात माझ्यापुढे केला. "घ्या सर."

माझी बोटं चिमूट उचलून ओठांपर्यंत पोचली होती, तेव्हा डॉक्टरबाई फेरीसाठी आत आल्या. त्यांनी पाहिलं. मग अक्काच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, आकडा लिहिला आणि गेल्या. ती चिमूट मी खिडकीबाहेर टाकली. पाच मिनिटांनी बाहेर जाऊन दुसरी घेतली.

अक्काला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी भाचा आणि मी ओट्यावर बसलो होतो. त्याचे डोळे खोल गेले होते. सकाळपासून तो दोनदा मामीवर खेकसला होता आणि दोनदा तिची माफी मागितली होती. ताटातलं अन्न तसंच राहत होतं.

"झोपला नाहीस का?" मी विचारलं.

"तीन दिवस नाही. बाटली मामीने ओतली ना."

मला आधी कळलंच नाही. मला वाटत होतं, त्या जेल्या म्हणजे मौजेची वस्तू. आपल्याकडे लग्नात कुणी चोरून घोट घेतो तशी.

तो म्हणाला, "सुरुवात शनिवारी एक, अशी झाली. मग कामाचा ताण म्हणून झोपेसाठी. आता रोज. एक पुरत नाही. तिकडे माझी बायको म्हणते, संध्याकाळी सातनंतर तू घरात असतोस पण नसतोस. कायदेशीर झालं म्हणून मी सुरू केलं असं नाही म्हणणार मी. पण कायदेशीर होतं, म्हणून मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दुकानदार छान हसून पिशवी देतो. त्यात वाईट काय असणार?"

"म्हणजे माझंच बरोबर. बंदी हवी." माझ्यातला व्याख्याता इतक्या लवकर मरणार नव्हता.

"मामा, तिकडे मी माझ्या डॉक्टरला हे सगळं सांगू शकतो. ती लिहून घेते, ओरडत नाही, पोलीस बोलावत नाही. इथे माझी आई आत तडफडत होती आणि तुम्ही मला गप्प राहा म्हणालात. तुम्ही वाईट नाही आहात. तुम्ही घाबरलात. बंदीने आपल्या घरातून गांजा थांबला नाही. खरं बोलणं थांबलं."

मी नेहमीसारखं उत्तर शोधलं. पुस्तिकेच्या दोन ओळी आठवल्या. पहिली इथे लागू नव्हती, भाचा वेडा झालेला नव्हता, फक्त थकलेला होता. दुसरी ओळ तर या सगळ्या घोटाळ्याचं मूळच होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. भाषण न देता कुणाजवळ बसायची माझी ती बहुधा पहिलीच वेळ.

तो परत गेला. तिकडे एका समुपदेशकाकडे जायला लागला. फोनवर मी विचारतो आणि तो लपवत नाही : कधी आठवडाभर नाही, कधी रविवारी एक. पूर्ण सुटली असं तो म्हणत नाही. मी माझी तंबाखू सोडली असं इथे लिहायला मला आवडलं असतं. दीड महिना सोडली होती.

खरी गंमत धुळ्यात झाली. अक्का प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून घरी गेली आणि गल्लीतल्या बायकांना तिने सगळी हकिकत सांगितली. पण तिच्या हकिकतीत वांग्याचे डोळे, छातीची धडधड, मोडलेलं मनगट हे सगळं दोन वाक्यांत उरकायचं. बाकीची कथा गुडघ्याची. "आठ तास मना गुडघा दुखनाच नही, बाई! गुडघा शे का नही हाई बी माले समजनं नही." महिन्याभरात तिच्याकडे सहा बायका येऊन गेल्या. भाऊच्या ओळखीने ती संत्र्याची जेली मिळेल का, म्हणून विचारत होत्या. त्यांतली एक भजनी मंडळाची अध्यक्षा होती. इतकी वर्षं मी सभागृहं गाजवली, पण एवढा प्रभावी प्रचार मला कधी जमला नाही. दुर्दैवाने तो उलट्या बाजूचा होता.

त्या बायकांना समजवायला मी धुळ्याला गेलो. एकीने ऐकून घेऊन विचारलं, "मग गुडघ्यासाठी दुसरं काय देता?" मी म्हणालो, वजन कमी करा. तिने मला चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतर मी एका कॉलेजात बोलायला गेलो आणि पहिल्यांदाच पुस्तिका घरी ठेवली. जे घडलं ते सांगितलं. अक्काच्या चार जेल्या, इंजेक्शनचा कागद, पेनाचं टोपण, माझी पुडी. कायदेशीर केल्याने तिकडे काय सुधारलं आणि काय बिघडलं, त्यातलं मला जेवढं कळलं तेवढंच सांगितलं, आणि बाकीचं मला माहीत नाही असंही सांगितलं. सभागृहात कुणी झोपलं नाही. एकामागून एक हात वर होत होते. सहाव्या प्रश्नाला प्राचार्य उठले, वेळेअभावी आभार मानले आणि घाईने शाल गुंडाळून माझ्या हातात दिली. पुढच्या वर्षी त्यांनी योगासनांवर व्याख्यान ठेवलं. आणखी दोन ठिकाणची बोलावणीही बंद झाली. मी सांगितलेली गोष्ट 'विद्यार्थ्यांसाठी योग्य संदेश देणारी नाही' असं एकाने कळवलं. फुप्फुसांची चित्रं कशी, सगळ्यांना चालायची.

त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाबाहेर एक मुलगी माझ्यासाठी थांबली होती. सोबत मैत्रीण नव्हती. म्हणाली, "सर, माझे पप्पा जे घेतात ते कायदेशीर आहे. परवान्याच्या दुकानातून, रीतसर. मग घरी जे होतं ते कोणाला सांगायचं?"

मी तिला म्हणालो, मला माहीत नाही, पण तू मला सांग. आम्ही बस थांब्याच्या बाकावर बसलो. तिने सांगायला सुरुवात केली. तिच्या गावाची एक बस आली आणि गेली. ती उठली नाही. मीही नाही. मग तिला विचारून मी जळगावच्या त्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी माझा आवाज ओळखला आणि 'बोला' एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, "डॉक्टर, या वेळी खरं सांगायला फोन केलाय." आणि फोन त्या मुलीच्या हातात दिला.